भिवापूरच्या मतदाराला सभा हवी

नागपूरहून उमरेड ओलांडून नागभीडच्या दिशेने जाणाऱ्या रस्त्यावर जे भिवापूर लागते, त्याची कीर्ती त्याच्या नावाच्या मिरचीने विदर्भाच्या सीमेपलीकडे नेली आहे आणि त्या मिरचीस भौगोलिक मानांकनाचा मानही मिळाला आहे. परंतु या गावाच्या सार्वजनिक जीवनात गेल्या दहा-बारा वर्षांत जे स्थित्यंतर झाले, त्याचा विचार मिरचीच्या भावाइतक्या गांभीर्याने कोणी केल्याचे दिसत नाही. तालुक्याच्या मुख्यालयी असलेल्या ग्रामपंचायतींना नगरपंचायतीचा दर्जा द्यावा, असे धोरण राज्य शासनाने २०१४ साली स्वीकारले आणि त्या धोरणाच्या ओघात भिवापूरची ग्रामपंचायतही लयास गेली. सरपंचाच्या जागी नगराध्यक्ष आले, ग्रामसेवकाच्या जागी मुख्याधिकारी आले, घरपट्टीच्या पावतीवरील शिक्का बदलला, आणि गाव 'शहर' झाल्याचा आनंदही पुष्कळांना झाला. तो आनंद खोटा होता असे मी म्हणणार नाही, कारण पाणीपुरवठा, नाल्या आणि दिवाबत्तीसाठी नागरी योजनांचा जो निधी ग्रामपंचायतीस दुर्लभ होता, त्याचा दरवाजा या दर्जामुळे उघडला. मात्र हे सर्व मिळत असताना मतदाराच्या हातून काय निसटले, याचा हिशेब मांडणे आता अगत्याचे झाले आहे.

निसटलेली पहिली आणि सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे ग्रामसभा. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाने गावातील प्रत्येक मतदारास, मग तो वावराचा धनी असो वा मिरचीच्या सातऱ्यावर देठ खुडून रोजी मिळविणारी बाई असो, गावाच्या कारभाऱ्यांसमोर उभे राहून प्रश्न विचारण्याचा कायदेशीर अधिकार दिला होता. वर्षाकाठी ठरावीक सभा घेणे पंचायतीवर बंधनकारक होते, आणि शंभर मतदार किंवा एकूण मतदारांच्या पंधरा टक्के, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढे लोक जमले म्हणजे सभेची गणपूर्ती होत असे. या सभा प्रत्यक्षात कशा चालत, हे ग्रामीण महाराष्ट्रात राहिलेल्या माणसास सांगावयास नको. कित्येक ठिकाणी हजेरीपटावरील सह्या सभेनंतर घरोघर फिरून गोळा होत, कित्येक ठिकाणी बायांना मागे बसवून पुढे पाच-दहा पुरुषच बोलत, आणि घरकुलाच्या लाभार्थ्यांची यादी आली म्हणजे मात्र ओटा अपुरा पडे. तरीही ज्या दिवशी एखाद्या मतदारास वाटेल त्या दिवशी त्यास उठून हिशेब मागता येत होता, आणि हा अधिकार वापरला गेला नाही म्हणून त्याचे मोल कमी होत नाही. नगरपंचायतीच्या प्रत्यक्ष कारभारात अशी सभा नाही. १९६५ च्या नगरपरिषदा व नगरपंचायती अधिनियमाने बोलण्याचा हक्क निवडून आलेल्या सदस्यांस दिला. नागरिकाने फार तर प्रेक्षक म्हणून बसावे, अर्ज द्यावा आणि उत्तराची वाट पाहावी.

दुसरी हानी अधिक सूक्ष्म असून तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. पंचायत समितीची कचेरी भिवापुरात आहे, गटविकास अधिकाऱ्यांचे दप्तर भिवापुरात आहे, तालुक्यातील शेतकरी आपली कामे घेऊन तेथेच येतात. परंतु नगरपंचायतीच्या हद्दीत राहणाऱ्या मतदारास पंचायत समितीच्या गणासाठी वा जिल्हा परिषदेच्या गटासाठी मत देता येत नाही, कारण १९६१ च्या अधिनियमाने उभारलेली ती व्यवस्था केवळ ग्रामीण क्षेत्रापुरती आहे. ज्या भिवापूरकराचे घर नगरपंचायतीत आणि शेत शेजारच्या मौजात आहे, त्याच्या शेताकडे जाणारा रस्ता, त्याच्या गुरांचा दवाखाना आणि त्याच्या शेतीच्या योजना यांवर निर्णय घेणाऱ्या संस्थेत त्याचा प्रतिनिधीच नाही. येथे इतिहासाची आठवण होते. हा प्रदेश मध्यप्रांत व वऱ्हाडात असताना पंडित द्वारकाप्रसाद मिश्र यांच्या कल्पनेतून १९४८ च्या कायद्याने जी जनपद योजना आली, तिने तहसील हा कारभाराचा घटक मानून ग्रामीण आणि नागरी अशी दोन्ही वर्तुळे एकाच जनपद सभेत आणली होती. त्या योजनेत दोष पुष्कळ होते आणि ती फार काळ टिकलीही नाही. पण बाजारपेठेचे गाव आणि त्याच्या भोवतालची खेडी यांचे हितसंबंध एकच आहेत, ही तिच्या मुळाशी असलेली जाणीव मात्र आजच्या व्यवस्थेपेक्षा प्रौढ होती असे माझे मत आहे. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून १ मे १९६२ रोजी राज्यात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या, तेव्हा ग्रामीण आणि नागरी यांच्यात जी रेघ ओढली गेली, ती मोठ्या नगरांस शोभत होती; भिवापूरसारख्या अर्ध्या शेतीवर जगणाऱ्या गावास ती कृत्रिम ठरते.

आता मतदानाच्या रीतीकडे वळू. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत राजकीय पक्षांची चिन्हे नसतात, आणि एका प्रभागातून दोन किंवा तीन सदस्य निवडावयाचे असल्यामुळे उमेदवारांना पॅनल बांधावे लागते. मोठ्या ग्रामपंचायतीत सतरा सदस्य पाच-सहा प्रभागांत वाटलेले असतात, तेव्हा प्रत्येक पॅनलला निरनिराळ्या मोहल्ल्यांतील, निरनिराळ्या समाजांतील माणसे आणि आरक्षित जागांवरील स्त्रिया एकत्र आणाव्या लागतात. हे ऐक्य पुष्कळदा निवडणुकीपुरतेच असले तरी त्या निमित्ताने ज्यांचे एरवी एकमेकांच्या ओट्यावर जाणे होत नाही अशी माणसे एका बैठकीत बसतात. नगरपंचायतीतही सदस्य सतराच, पण प्रभागही सतरा, आणि प्रत्येक प्रभागातून एकच सदस्य. दहा ते पंचवीस हजार लोकवस्ती ही नगरपंचायतीची कायद्याने ठरविलेली मर्यादा लक्षात घेतली, तर एका प्रभागाच्या वाट्यास सुमारे सहाशे ते पंधराशे माणसे येतात आणि त्यांतील मतदार त्याहूनही कमी. इतक्या लहान वर्तुळात निवडणूक आली म्हणजे ती नगराची न राहता गल्लीची होते. कोणत्या घरात किती मते आहेत, कोणता भाऊ कोणत्या भावाशी बोलत नाही, कोणत्या घरची लेक कोणत्या घरी दिली आहे, मजुरीसाठी परगावी गेलेल्यांपैकी कोण मतदानाला येणार, याची जंत्री उमेदवारांच्या खिशात असते आणि पाच-दहा मतांनी निकाल फिरतो. त्यावर पक्षाचे चिन्ह येऊन बसल्यामुळे जुन्या घरगुती वैरास नवे झेंडेही मिळाले.

अशा मतदारास नागपूर-मुंबईची सुशिक्षित मंडळी जातीचा, नात्याचा वा पैशाचा मतदार म्हणून मोकळी होतात. या निर्णयाशी मी सहमत नाही, आणि त्याचे कारण भिवापूरकर वरच्या निवडणुकांत जे मत देतात त्यात आहे. भिवापूर ज्या रामटेक लोकसभा मतदारसंघात येते त्याने १९८४ आणि १९८९ साली आंध्रातून आलेल्या पी. व्ही. नरसिंह रावांस निवडून दिले, ज्यांचे येथे ना नाते होते ना गोत. २०१४ आणि २०१९ साली त्याच मतदारसंघाने शिवसेनेचे कृपाल तुमाने यांस दिल्लीस पाठविले. आणि २०१९ च्या मे महिन्यात असा कौल लागल्यावर पाचच महिन्यांनी भिवापूरचा समावेश असलेल्या उमरेड विधानसभा मतदारसंघाने काँग्रेसचे राजू पारवे यांस आमदार केले. पुढे त्यांनी काँग्रेस सोडून २०२४ ची लोकसभा शिवसेनेच्या शिंदे गटाकडून लढविली तेव्हा रामटेकने त्यांस नाकारून काँग्रेसचे श्यामकुमार बर्वे यांस निवडले, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात सारे राज्य महायुतीच्या मागे गेले असता उमरेडने काँग्रेसचे संजय मेश्राम यांस विधानसभेत पाठविले. कोणता पक्ष योग्य हा माझा विषय नाही. परंतु ज्या प्रदेशातील मतदार इतक्या मोकळेपणाने कौल बदलतात, राज्याचा वारा एकीकडे वाहत असता स्वतःचा निर्णय दुसरीकडे देतात, त्यांस विचारशून्य म्हणणे हा अन्याय आहे.

मग हाच मतदार आपल्या गल्लीच्या निवडणुकीत आप्ताच्या किंवा शेजाऱ्याच्या मागे का जातो? उत्तर कचेरीच्या दारात सापडते. फेरफार नोंदवावयाचा, नझुलाच्या जागेचा कागद मिळवावयाचा, घरकुलाच्या यादीत नाव आहे की नाही ते पाहावयाचे, नालीचे पाणी अंगणात शिरते म्हणून अर्ज द्यावयाचा, जन्माचा वा रहिवासाचा दाखला काढावयाचा: यांपैकी कोणतेही काम घेऊन गेलेल्या गरीब माणसास जर एकट्याने गेल्यावर "उद्या या" आणि नगरसेवकाबरोबर गेल्यावर "बसा" असे ऐकावे लागत असेल, तर तो शहाणा माणूस मत देताना असाच उमेदवार शोधील जो आपल्याबरोबर कचेरीत येईल. असा उमेदवार त्यास आपल्या गल्लीत, आपल्या भावकीत, आपल्या समाजातच भेटण्याचा संभव अधिक. त्याने गावाचा विचार केला नाही, कारण गावाच्या विचाराचा लाभ आपल्यापर्यंत पोहोचेल अशी हमी त्यास कधी मिळाली नाही. सोबत येणाऱ्या माणसाचा लाभ मात्र त्याने डोळ्यांनी पाहिला आहे. हा प्रदेश १९५१ पर्यंत मालगुजारी पद्धतीखाली होता. त्या काळी सरकार आणि रयत यांच्यामध्ये मालगुजार आणि मुकद्दम उभे असत आणि सरकारदरबारी आपले गाऱ्हाणे मांडावयाचे तर त्यांच्या ओट्यावरून जावे लागे. मालगुजारी कायद्याने गेली. मध्यस्थावाचून दरबार नाही हा अनुभव मात्र तिच्याबरोबर गेला नाही, आणि प्रौढ मताधिकाराने त्या मध्यस्थास निवडण्याचा अधिकार तेवढा रयतेच्या हाती दिला.

या कारणास्तव, मतदाराने जातपात विसरून मत द्यावे असे उपदेश निवडणुकीच्या आठवड्यात करीत राहण्यापेक्षा त्यास मध्यस्थाची गरज उरणार नाही अशी कचेरी निर्माण करणे, हे मतदान सुधारण्याचे अधिक प्रामाणिक साधन आहे असे मी मानतो. राज्याने २०१५ साली लोकसेवा हक्क अधिनियम केला. त्यान्वये ठरावीक दाखले व सेवा ठरावीक मुदतीत देणे अधिकाऱ्यावर बंधनकारक असून मुदत टळल्यास अपील करता येते. हा कायदा ज्या दिवशी नगरपंचायतीच्या खिडकीवर खरोखर पाळला जाईल, त्या दिवशी सोबत येणाऱ्या माणसाचे मोल उतरेल. त्या खिडकीवर सेवांची यादी, मुदत आणि अपिलाच्या अधिकाऱ्याचे पद मराठीत ठळकपणे लिहून लावण्यास कोणत्याही नव्या ठरावाची गरज नाही.

दुसरीकडे, मतदार आणि उमेदवार या दोघांनाही आणखी एका गोष्टीचा विवेक राखावा लागेल. भिवापूरच्या चहाच्या टपरीवर गोसेखुर्दच्या कालव्याचे पाणी, १९८८ साली पायाभरणी झालेल्या त्या प्रकल्पामुळे विस्थापित झालेल्यांचे प्रश्न, उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यातून शेतशिवारात उतरणारी जनावरे, नॅरोगेजची गाडी बंद होऊन सुरू झालेले नागपूर-नागभीड ब्रॉडगेजचे काम, हे विषय जिवाभावाने बोलले जातात आणि ते बोललेही पाहिजेत. परंतु यांतील एकही विषय नगरपंचायतीच्या अखत्यारीतला नाही. जो उमेदवार प्रभागाच्या निवडणुकीत धरण आणि रेल्वे यांची वचने देतो, तो आपल्या खऱ्या कामाचा, म्हणजे नळाच्या पाण्याचा, कचऱ्याचा, बाजाराच्या जागेचा, घरपट्टीच्या आकारणीचा आणि बांधकामाच्या परवान्यांचा, हिशेब देण्यातून सुटतो. घरपट्टी कोणत्या आधारावर वाढली आणि आठवडी बाजाराच्या वसुलीचा ठेका कोणास कितीला गेला, हे दोन प्रश्न भिवापूरच्या प्रत्येक उमेदवारास विचारण्याजोगे आहेत.

ज्या संस्थेस आपण प्रश्न विचारावयाचा, ती संस्था अस्तित्वात असणे हीही आता गृहीत धरण्याजोगी गोष्ट राहिलेली नाही, आणि याविषयी मला तीव्र खेद वाटतो. १९९२ सालच्या त्र्याहत्तराव्या व चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने स्थानिक संस्थांची मुदत पाच वर्षे ठरविली आणि ती संपण्यापूर्वी निवडणूक झाली पाहिजे असे स्पष्ट शब्दांत लिहून ठेवले. असे असता इतर मागासवर्गाच्या आरक्षणाविषयी सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२१ रोजी विकास गवळी प्रकरणात दिलेला निकाल, त्यानंतर बांठिया आयोग, प्रभागरचनेचे अधिकार कोणाचे यावरील वाद आणि तारखांवर तारखा, यांत महाराष्ट्रातील असंख्य संस्था वर्षानुवर्षे प्रशासकाच्या हाती राहिल्या. मागासवर्गाचे आरक्षण न्याय्य आहे आणि ते टिकले पाहिजे याविषयी माझ्या मनात संदेह नाही. परंतु त्यासाठी लागणारी माहिती वेळेवर गोळा करणे हे शासनाचे काम होते, आणि ते न केल्याचा दंड मतदाराने भरला. जानेवारी २०२० मध्ये निवडलेल्या नागपूर जिल्हा परिषदेची मुदत जानेवारी २०२५ मध्ये संपली आणि तिचा कारभारही प्रशासकाकडे गेला. अखेर सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ रोजी निवडणुकांविषयी आदेश दिल्यानंतर राज्यातील नगरपरिषदा व नगरपंचायतींचे मतदान २ डिसेंबर २०२५ रोजी झाले, तेही काही ठिकाणचे मतदान पुढे ढकलून आणि मतमोजणी २१ डिसेंबरपर्यंत थांबवून. नगराध्यक्ष जनतेने थेट निवडावा की सदस्यांनी, याचेही असेच. २००१ साली थेट, २००६ साली सदस्यांकडून, २०१६ साली पुन्हा थेट, २०२० साली पुन्हा सदस्यांकडून, २०२२ साली पुन्हा थेट: मुंबईतील सरकारचे मत बदलले की भिवापूरच्या मतदाराचा हक्क बदलतो. माझ्या मते थेट निवडच भिवापूरसारख्या गावास हितकर आहे, कारण सतरा गल्ल्यांत विभागलेल्या निवडणुकीत संपूर्ण गावापुढे उभा राहणारा एक तरी उमेदवार त्यामुळे मिळतो आणि त्यास एका गल्लीच्या बळावर निवडून येता येत नाही.

तरीही पाच वर्षांतून एकदा मिळणारी ही दोन मते, एक प्रभागाचे आणि एक अध्यक्षपदाचे, गावाच्या कारभारास पुरेशी नाहीत. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी 'ग्रामगीते'त निवडणुकीचा विचार गावाच्या नित्य सामुदायिक जीवनाचा एक भाग म्हणून केला, आणि विदर्भाच्या गावोगावी प्रार्थनेच्या निमित्ताने लोकांस एकत्र बसण्याची जी सवय त्यांच्या गुरुदेव सेवा मंडळांनी लावली, तिचे राजकीय मोल आपण पुरते ओळखले नाही. एकत्र बसण्याचा तो हक्क कायद्यात परत आणणे अवघड नाही. केरळने १९९४ च्या आपल्या नगरपालिका कायद्यात एक लाखापर्यंत वस्तीच्या नगरांतील प्रत्येक प्रभागासाठी तेथील सर्व मतदारांची प्रभागसभा ठेवली आहे. म्हणजे नगर झाल्यामुळे तेथील नागरिकाची सभा गेली नाही. महाराष्ट्रानेही २००९ साली नागरी कायद्यांत दुरुस्ती करून क्षेत्रसभेची तरतूद केली, परंतु ती कायद्याच्या पुस्तकातून मोहल्ल्यात उतरली नाही, आणि ती उतरावी म्हणून कोणत्याही पक्षाने आग्रह धरल्याचे माझ्या पाहण्यात नाही. जिल्हा परिषदेच्या मताविषयीही असाच विचार व्हावा. ज्यांची जमीन आणि उपजीविका ग्रामीण क्षेत्रात आहे अशा नगरपंचायतींच्या नागरिकांचा आवाज निदान पंचायत समितीच्या सभेत पोहोचावा, म्हणून नगराध्यक्षास तेथे बसण्याचा व बोलण्याचा अधिकार देण्यास घटनेची अडचण येऊ नये.

माझी शासनाकडे मागणी एकच आहे: राज्यातील प्रत्येक नगरपंचायतीत प्रभागसभा वर्षातून चार वेळा घेणे नगरसेवकावर बंधनकारक करावे, त्यांपैकी एक सभा अंदाजपत्रक मंजूर होण्यापूर्वी व्हावी, तिच्यात प्रभागावर झालेला खर्च मोठ्याने वाचून दाखवावा आणि तिचे इतिवृत्त मुख्याधिकाऱ्यांनी नगरपंचायतीच्या सभेपुढे ठेवावे. भिवापूरच्या सतरा नगरसेवकांस माझी विनंती आहे की त्यांनी या कायद्याची वाट पाहू नये. आपल्या प्रभागातील मंदिराच्या, विहाराच्या किंवा शाळेच्या आवारात, सातऱ्यावरून बाया घरी परततात त्या वेळेनंतर, पहिली सभा त्यांनी येत्या अंदाजपत्रकापूर्वी बोलवावी. आणि ज्या प्रभागाचा सदस्य ती बोलावणार नाही, तेथील मतदारांनी स्वतः जमून आपले प्रश्न लिहावेत, त्यांवर सह्या कराव्यात आणि तो कागद नगरपंचायतीच्या आवकेत नोंदवून पोच घ्यावी.